खिमा, फ्रीज आणि बायोट नंबर

मेस सेक्रेटरीने मासिकात लिहायचं म्हणजे एकतर डाळ पातळ का होती याचा खुलासा करायचा, नाहीतर जमाखर्च छापायचा, असा आपल्याकडे समज आहे. मी दोन्ही करणार नाही. मी खिम्यावर लिहिणार आहे. जे शाकाहारी आहेत त्यांनी पान उलटलं तरी चालेल, पण फ्रीजबद्दल जे लिहिलंय ते दुधालाही लागू पडतं, तेव्हा थोडं थांबा.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट हॉस्टेलवरच्या जुन्या लोकांना माहीतच आहे. नव्यांसाठी सांगतो, आणि मीच सांगितलेली बरी, कारण चूक माझी होती. मी लातूरचा. परीक्षेच्या मधल्या सुट्टीत घरी गेलो होतो. परत निघायच्या दिवशी, रविवारी सकाळी, लातुरातल्या एका दुकानात फ्रोझन चिकन खिम्याची अर्ध्या किलोची चार पाकिटं ऑफरमध्ये दिसली. बरेच दिवस मेसला फीस्ट झाली नव्हती. घेतली. पेपरात गुंडाळली, वर टॉवेल गुंडाळला, बॅगेत कोंबली आणि दहाची एसटी धरली. चाकूर, अहमदपूर, लोहा असं करत गाडी नांदेडला पोचेपर्यंत सव्वा वाजला. रिक्षा धरून हॉस्टेलवर यायला पावणेदोन. बाहेर ४२ अंश. बॅग उघडली तर बाहेरची दोन पाकिटं मऊ, आतली दोन अजून कडक. मी त्या कडक दोन पाकिटांकडे बघून समाधान मानलं. माणूस असाच असतो, आपल्याला हवं ते पाकीट दाबून बघतो.

त्यात डीपी उडालेला. बारापासून लाईट नाही, फ्रीज बंद. मेसचे मामा म्हणाले, "संध्याकाळपोत्तर टिकायचं न्हाई हे. एक वाफ देऊन ठिवतो, रातच्याला फोडणी टाकू." मला ते फारच शहाणपणाचं वाटलं. घरी आईसुद्धा असंच करते असं मी म्हणालोही. मामांनी मोठ्या पातेल्यात खिमा टाकून वाफ काढली, हाताने कोथिंबीर-मसाला कालवला, झाकण ठेवलं आणि पातेलं ओट्यावर ठेवून दिलं. अडीच वाजले होते. रात्री आठला गॅस पेटला, फोडणी बसली, वास सुटला. आम्ही बावीस जण जेवलो. तारीफ झाली. मी ती तारीफ घेतलीही.

साडेबारा-एकच्या सुमारास पहिला मुलगा उलटी करायला उठला. पहाटेपर्यंत नऊ जण. त्यात माझा रूममेट सर्वात वाईट, त्याला दवाखान्यात नेऊन सलाईन लावावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्याचा थर्मोडायनॅमिक्सचा पेपर होता. तो बुडाला. बाकीचे आठ जण हळूहळू सावरले. कुणाला काही कायमचं झालं नाही, पण त्याचा विषय राहिला, आणि तो मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी परत परत सांगत होतो की सर, चांगला शिजवला होता, खदखदत होता. त्यांनी कुठून आणला हे विचारलंच नाही. विचारलं, "पहिल्यांदा शिजवल्यावर किती वेळ बाहेर होता?" मी म्हटलं, साडेपाच तास. त्यांनी मान हलवली.

झालं असं असणार. जेवल्यावर चार तासांत उलट्या सुरू, ताप नाही, म्हणजे पोटात जंतू वाढून आजारी पडायला वेळच मिळाला नव्हता. विष आधीच तयार होऊन ताटात आलं होतं. स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू धडधाकट माणसांपैकी सुमारे एकतृतीयांश लोकांच्या नाकात आणि पुष्कळांच्या हातावर सुखाने राहतो. कच्च्या मांसात त्याला इतर जंतू फारसं वाढू देत नाहीत. पण तुम्ही वाफ काढलीत की ती गर्दी कमी होते, आणि मग हाताने मसाला कालवलात की याला मोकळं मैदान मिळतं. कोमट पातेल्यात तो वाढतो आणि विष सोडतो. रात्री उकळल्यावर जंतू मरतो, विष मरत नाही. ते उष्णतेला दाद देत नाही. म्हणजे आमची फोडणी कितीही खमंग असली तरी उशिराच बसली होती.

आकडा काढून बघा. अनुकूल तापमानाला जंतू वीस ते तीस मिनिटांत दुप्पट होतो. तीस मिनिटं धरली तर साडेपाच तासांत अकरा वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे २,०४८. वीस मिनिटं धरली तर सोळा वेळा, म्हणजे एकाचे ६५,५३६. फर्स्ट इयरला घातांकाची गणितं करताना ही असली उदाहरणं का देत नाहीत कोण जाणे.

खिमाच का बिघडतो?

हा प्रश्न मला पुढचे कितीतरी दिवस छळत होता. मटणाचा अख्खा तुकडा घ्या. जंतू असतात ते बाहेरच्या पृष्ठभागावर, सुरी, ठोकळा, हात, माशी यांच्याकडून आलेले. आतला भाग बहुतेक स्वच्छ. तुकडा तव्यावर टाकला की बाहेरचं पटकन तापतं आणि काम होतं. खिमा करताना मात्र आपण बाहेरचं सगळं आत ढकलतो. पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो, पेशी फुटून रस बाहेर येतो, हवा मिसळते, आणि मशिनच्या जाळीत आदल्या लॉटचं जे काही अडकलेलं असेल तेही भेट म्हणून मिळतं. म्हणून मटण फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकतं आणि खिमा एक किंवा दोन दिवस. त्याच्यापुढे नाही.

अमेरिकेत हे फार महाग पडून कळलं. १९९३ साली तिथल्या पश्चिमेकडच्या राज्यांत एका साखळी हॉटेलांतले कच्चट राहिलेले हॅम्बर्गर खाऊन सातशेहून जास्त लोक आजारी पडले आणि चार मुलं दगावली. खिम्यातला ई. कोलाय ओ१५७ हा प्रकार त्याला कारण होता. पुढच्याच वर्षी, १९९४ ला, तिथल्या सरकारने खिम्यात हा जंतू सापडला तर माल भेसळीचा समजायचा असं ठरवलं. खिमा आतपर्यंत ७१ अंश आणि कोंबडीचा असेल तर ७४ अंश तापलाच पाहिजे, हे जे आकडे आता सगळीकडे दिसतात ते कुणी हौसेने काढलेले नाहीत.

आपल्याकडे खिमा कच्चट खायची पद्धत नाही, ही एक जमेची बाजू. नांदेडला तर खिम्याची परंपराच वेगळी आहे. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तेव्हा हैदराबादकडची सकाळची खिचडी-खिमा-खट्टा ही त्रिकुटी आणि लुखमीतला खिमा इकडच्या लोकांना परका नाही. लातूरकडे आम्ही काळं तिखट आणि भाकरीवर जास्त. पण दोन्हीकडे खिमा सकाळी आणला आणि दुपारच्या जेवणात संपवला, असाच व्यवहार. फ्रीज नव्हता तेव्हा हाच फ्रीज होता. घोटाळा सुरू झाला तो पाकीट घरात आल्यावर. पाकिटावर बर्फ दिसतो म्हणून आपण निर्धास्त होतो.

एसटीतल्या बॅगेचं गणित

आता मेकॅनिकलवाल्यांसाठी. इतरांनी हा भाग वाचला तरी पास व्हाल.

चार पाकिटांचा गठ्ठा साधारण २० बाय १५ बाय ८ सेंटीमीटर, म्हणजे बाहेरचं क्षेत्रफळ ०.१ चौरस मीटरच्या आसपास. पेपर आणि टॉवेल मिळून उष्णता रोखायची जी ताकद आहे ती धरून, दर चौरस मीटरला दर अंशाला ३ वॅट आत येतात असं समजू. आतबाहेरचा फरक ४२ अंश. गुणाकार केला की साडेबारा वॅट. म्हणजे झिरोचा बल्ब बॅगेत लावून ठेवल्यासारखं. एसटीचे आणि रिक्षाचे मिळून चार तास धरले तर १८० किलोज्यूल. त्यातले ६४ किलोज्यूल खिमा उणे १८ वरून उणे २ पर्यंत यायला लागले. उरलेले ११६ बर्फ वितळवायला. खिम्यात सत्तर टक्के पाणी धरलं तर एक किलो पूर्ण सुटायला सुमारे २३० किलोज्यूल लागतात. म्हणजे अर्धा किलो सुटला. माझ्या बॅगेत बाहेरची दोन पाकिटं मऊ आणि आतली कडक, ते बरोबर याच्याशी जुळतं. हिशोब जुळल्याचा आनंद परीक्षेत होतो, इथे झाला नाही.

त्याऐवजी मी काय करायला हवं होतं? घरच्या फ्रीजमध्ये रात्री एक-एक लिटरच्या दोन बाटल्या पाण्याने भरून, वर थोडी जागा सोडून, गोठवायच्या आणि थर्माकोलच्या डब्यात पाकिटांना चिकटवून ठेवायच्या. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल खातो. दोन बाटल्या म्हणजे ६६८. डबा मोठा असल्यामुळे आत पंधरा-सतरा वॅट जरी शिरले, तरी दहा तास पाकिटं शून्याच्या जवळपास राहतात. बहुतेकांना वाटतं थर्माकोल थंड ठेवतो. थर्माकोल फक्त उशीर करतो, काम बर्फ करतो. रिकामा थर्माकोलचा डबा घेऊन फिरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आणि हे काहीच जमत नसेल तर खिमा लातुरातून आणूच नये. नांदेडला खिमा मिळतो. ही गोष्ट मला तेव्हा सुचली नाही.

पाकीट घेताना

त्यानंतर मी दुकानात फ्रीजरसमोर जरा जास्तच वेळ उभा राहायला लागलो. दुकानदार संशयाने बघतात, बघू द्या.

पहिलं, पाकीट दाबून बघा. दगडासारखं पाहिजे. कडा मऊ लागत असतील तर सोडून द्या. चारचौघांत उघड्या असणाऱ्या फ्रीजरच्या आतल्या बाजूला एक रेघ असते, माल तिथपर्यंतच भरायचा. थंड हवा त्या रेघेच्या खालीच राहते. ऑफरच्या दिवशी दुकानदार रेघेच्या वर डोंगर रचतात. डोंगराच्या टोकावरचं पाकीट हे उचलायला सोपं आणि घ्यायला सर्वात वाईट. खालून काढा.

दुसरं, आकार. खिमा कारखान्यात गोठवताना पाकीट सपाट असतं. ते एका कोपऱ्यात गोळा होऊन, वाकडं होऊन गोठलेलं दिसलं तर समजा मधे कधीतरी सुटलं होतं आणि परत गोठवलं. आतल्या बाजूने बर्फाचे मोठे मोठे खडे, तळाशी गुलाबी बर्फाचा थर, हीसुद्धा तीच कथा सांगतात. दुकानाचा लाईट रात्री गेला असेल तर पाकिटावर तसं कुणी लिहून ठेवत नाही. पाकीट स्वतःच सांगतं. पांढरट-करडे कोरडे डाग दिसले तर ते फक्त सुकलेलं आहे, विषारी नाही, पण चव गेलेली असते.

तिसरं, लेबल. तपकिरी चौकोन आणि त्यात तपकिरी खूण ही मांसाहारी मालाची. पूर्वी आत गोल असायचा, २०२० च्या लेबलिंग नियमांपासून त्रिकोण आला, कारण रंग न ओळखता येणाऱ्यांना हिरवा गोल आणि तपकिरी गोल सारखाच दिसायचा. हा बदल करणाऱ्याला मी मनापासून दाद देतो. एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक पाहिजे. पॅकिंगची तारीख आणि कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, दोन्ही वाचा. आणि घटक वाचा. चिकन खिमा म्हणून घेतलेल्या पाकिटात चिकनबरोबर पाणी, सोया, मीठ, फॉस्फेट असंही असू शकतं. त्यात बेकायदेशीर काही नाही, पण मग किलोचा भाव काढताना आपण पाण्याचा भाव देतोय हे माहीत असावं. मेसच्या हिशोबात याने बराच फरक पडतो.

चौथं, रंग. यात मी स्वतः बरीच वर्षं चुकत होतो. मांसाचा रंग मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनाचा. हवा नसेल तर तो जांभळट, हवा लागली की लालभडक, आणि जास्त वेळ गेला की तपकिरी. म्हणून हवा काढून बंद केलेल्या पाकिटातलं मटण काळपट-जांभळं दिसतं, ते खराब नसतं, उघडून ठेवलं की पंधरा-वीस मिनिटांत लाल होतं. उलट लालभडक दिसतो म्हणून ताजा असंही नाही. पाकिटात जे लाल पाणी साठतं त्याला आपण रक्त म्हणतो, ते पाणी आणि मायोग्लोबिन. चिकट बुळबुळीतपणा आणि आंबूस वास मात्र कुठल्याही रंगात वाईटच. पण इथेही एक मेख आहे. वास मारणारे जंतू वेगळे आणि आजारी पाडणारे वेगळे. आमच्या त्या रात्रीच्या खिम्याला कसलाही वास नव्हता.

पाकीट सगळ्यात शेवटी घ्या. तेल, साबण, बिस्किटं झाली की मग फ्रीजरकडे वळा. वेगळ्या पिशवीत ठेवा, म्हणजे ओघळ आला तरी तो टोमॅटोवर जाणार नाही.

ताजा खिमा घेणार असाल तर गोष्ट थोडी वेगळी. एका चाचांकडून मी आता नेहमी मटण घेतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ताटातल्या तयार खिम्याकडे बोट दाखवलं तर ते म्हणाले, "तयार का नक्को लेव बेटा, सामने करवा के लेव." स्वतःच्या मालाबद्दल असं सांगणारा दुकानदार सोडू नये. खांद्याचं मटण निवडून घ्यायचं, थोडी चरबी राहू द्यायची (अगदी कोरडा खिमा शिजल्यावर भुशासारखा लागतो), आणि समोर करून घ्यायचा. मशिनमधून पहिला मूठभर निघतो तो बाजूला काढायला सांगायचा, कारण त्यात आधीच्याचा शिल्लक माल असतो. सुऱ्याने कापून देत असतील तर उत्तमच, वेळ लागतो पण चव वेगळी. सकाळी लवकर जायचं. आणि एक तासात फ्रीज. एरवी दोन तास चालतात असं सांगतात, पण हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. आपल्याकडे मार्च ते जून हा एक तासाचाच नियम समजा.

आपला फ्रीज

आता दुखऱ्या जागेवर येतो. त्या घटनेनंतर मी हीट ट्रान्सफर लॅबमधून सरांची परवानगी घेऊन थर्मोकपल आणलं आणि मेसच्या फ्रीजमध्ये एक दिवस ठेवलं. खालच्या कप्प्यात ११ अंश. पाहिजे होतं ४ च्या आत. बर्फाच्या कप्प्यात उणे ९, पाहिजे होतं उणे १८. दाराचं रबर एका बाजूने फाटलेलं, मागची जाळी भिंतीला चिकटून धुळीने भरलेली, आणि थंड पाण्याच्या बाटल्यांसाठी दार दिवसभर उघडझाप. रबर बदललं, फ्रीज भिंतीपासून वितभर ओढला, जाळी ब्रशने साफ केली आणि पाण्याच्या बाटल्यांसाठी माठ ठेवला. खालचा कप्पा ५ वर आला, बर्फाचा उणे १५ वर. हे सगळं थर्मोडायनॅमिक्समध्ये कंडेन्सर म्हणून आपण शिकलेलोच असतो. आमच्यातल्या कुणीही त्याच्यामागे वाकून बघितलं नव्हतं.

मग बायोट नंबर. खिमा घरी आणला की आपण पिशवीसकट गोळा करून कप्प्यात टाकतो. दोन किलोचा गोळा म्हणजे साडेबारा सेंटीमीटरचा ठोकळा. कप्प्यातल्या स्थिर हवेचा एच सुमारे १० धरला आणि खिम्याचा के ०.५, तर या गोळ्याचा बायोट नंबर सव्वा एकच्या घरात जातो. म्हणजे बाहेर गोठलं तरी मध्याला अजून पत्ताच नसतो. मध्यापर्यंत थंडी पोचायचा काळ जाडीच्या वर्गावर जातो. साडेबारा सेंटीमीटरच्या ठोकळ्याला तो आठ तासांच्या आसपास, दोन सेंटीमीटरच्या थराला तेरा मिनिटं. त्या आठ तासांत मधला भाग कोमट राहतो आणि तिथे काय होतं ते वर लिहिलंच आहे.

गोठायला किती वेळ लागेल हे काढायचं सूत्र रुडॉल्फ प्लँक यांनी १९१३ मध्ये दिलं. (क्वांटमवाले प्लँक वेगळे, ते मॅक्स.) उणे १८ च्या कप्प्यात त्या सूत्राने दोन किलोचा गोळा गोठायला अकरा तास येतात, आणि दोन सेंटीमीटर जाडीच्या सपाट पाकिटाला साडेचार. मी आधी उत्साहाने जाडीचा वर्ग करून चाळीसपट फरक पडेल असं सांगत सुटलो होतो. सरांनी वहीवर लाल रेघ मारली. वर्गाची संज्ञा आतल्या वहनाची आहे, पण घरच्या फ्रीजमध्ये उष्णता अडते ती बाहेरच्या हवेशी, म्हणून पातळ थराचा गोठायचा वेळ त्या प्रमाणात कमी होत नाही. म्हणूनच पाकिटं एकावर एक न रचता कप्प्याच्या धातूच्या तळाला टेकवून ठेवायची, धातू हवेपेक्षा कितीतरी जोरात उष्णता ओढतो. गोठली की मग खुशाल वहीसारखी उभी लावा.

आता आमच्या मेसमध्ये खिमा आला की लगेच पाव-पाव किलोच्या जाड पिशव्यांत हाताने दाबून सपाट करतो, हवा काढतो, तारीख टाकतो. अशा पाकिटाचा दुसरा फायदा म्हणजे सुटतंही लवकर. रात्री खालच्या कप्प्यात ठेवलं की सकाळी तयार. घाई असेल तर पिशवीसकट थंड पाण्यात, अर्ध्या तासाने पाणी बदलायचं. गच्चीवर उन्हात ठेवून खिमा सोडवायची कल्पना ज्या मित्राने मांडली त्याचं नाव लिहीत नाही. खालच्या कप्प्यात सावकाश सुटलेला खिमा परत गोठवला तर चव जाते, धोका नाही. बाहेर ओट्यावर सुटलेला परत आत टाकायचा नाही. गोठलेला खिमा तीन-चार महिने चवीला चांगला राहतो, त्यापुढे चरबी खवट होत जाते. बर्फाच्या कप्प्यात जंतू मरत नाहीत, झोपतात. हे लक्षात राहिलं की बाकी नियम पाठ करावे लागत नाहीत.

फ्रीजमध्ये कच्चा खिमा सगळ्यात खालच्या फळीवर, झाकणाच्या डब्यात. दूध-दही वर. यात शाकाहारी मित्रांचा मान राहतो आणि ओघळही खाली पडायला काही उरत नाही.

लाईट गेली तर? २००५ ते २०१२ च्या काळात मराठवाड्यात लोडशेडिंगचं वेळापत्रक पाठ असायचं, माझ्या आईला अजून आठवतं. आता तसं रोज नाही, पण उन्हाळ्यात डीपी उडतोच. दार न उघडता फ्रीज चार तास धरतो. बर्फाचा कप्पा स्वतंत्र दाराचा आणि भरलेला असेल तर दोन दिवस, अर्धा असेल तर एक. म्हणून रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवलेल्या बऱ्या, त्या आपल्या बॅटऱ्याच. "बघू बरं थंड आहे का" म्हणून दर अर्ध्या तासाने दार उघडणारा माणूस प्रत्येक हॉस्टेलवर असतो. त्याला चाव्या देऊ नयेत.

शिजवण्याबद्दल मामांशी माझे दोन वाद झाले. एक धुण्याचा. मामा खिमा चाळणीत घेऊन नळाखाली तीनदा धुवायचे. धुण्याने जंतू जात नाहीत, ते बेसिनवर, हातावर, शेजारच्या काकडीवर उडतात. मामा म्हणाले, "न धुता कसं खावं रे लेकरा, मनाला पटतंय का?" शेवटी तडजोड झाली. ताज्या मटणाचे तुकडे खिमा करण्याआधी चाचांकडेच धुवून घ्यायचे, पाकिटातला खिमा अजिबात धुवायचा नाही, आणि धुतलं-न धुतलं तरी हात आणि ओटा साबणाने धुवायचा. दुसरा वाद वाफेचा. तो मामांनी माझ्याआधीच सोडून दिला होता. त्या रात्रीपासून ते अर्धवट शिजवून ठेवणं या विषयावर बोलतही नाहीत. त्यांनी दवाखान्यात पहाटेपर्यंत बाकावर बसून काढली, हे इथे लिहायला हवं, कारण तेव्हा पुष्कळांनी मामांना बोल लावला. पाकिटं मी आणली होती आणि वाफेला हो मी म्हणालो होतो.

शिजला हे रंगावरून ठरवू नका. खिमा ७१ च्या आधीच तपकिरी दिसू शकतो. पातेल्याच्या मधोमध थर्मामीटर खुपसतो आम्ही, मामाही आता आकडा वाचतात. उरला तर, एरवी उरत नाही, पण उरला तर मोठ्या पातेल्यात झाकून ठेवायचा नाही. तिथे दुसरा एक जंतू, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स, वाट बघत असतो. त्याचे बीजाणू उकळीतून जिवंत सुटतात आणि पातेलं हळूहळू निवताना वाढतात, मग दुसऱ्या दिवशी पोटात कळा. उरलेला खिमा पसरट ताटल्यांत बोट-दीड बोट थर करून पंख्याखाली, निवला की लगेच फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी वाफा येईपर्यंत गरम करून एकदाच.

माझा रूममेट थर्मोचा पेपर डिसेंबरमध्ये सुटला. मला वाटलं होतं तो यापुढे खिमा खाणार नाही. तो खातो. फक्त फ्रीजरमधल्या पिशव्यांवर तारीख आणि वेळ टाकायचं काम त्याने आपणहून घेतलंय, काळ्या परमनंट मार्करने, माझ्या अक्षरावर त्याचा विश्वास नाही. परवा मी एक पाकीट घाईत तसंच आत सरकवलं तर रात्री खोलीत येऊन म्हणाला, "ते तिसऱ्या रांगेतलं कधीचं आहे?" मी म्हटलं, सकाळचं, साडेनऊचं. तो खाली जाऊन लिहून आला.